ॲप्लिकेशन मागच्या दाराने जोडताना

संस्थेत आयडेंटिटी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ‘आयडीएम’, आली की सुरुवातीचे दिवस बरे जातात. ईमेल जोडला जातो, ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडली जाते. मग यादीत उरतात ती खरी कामाची ॲप्लिकेशन्स: कधीकाळी कुणीतरी बांधून दिलेलं स्टोअरचं सॉफ्टवेअर, ग्रंथालयातलं कोहा, प्रशिक्षणाचं मूडल, पगाराचं पॅकेज. तिथे येऊन गाडी अडते आणि ठरलेला प्रश्न निघतो: ‘डेटाबेसचा पासवर्ड आपल्याकडे आहेच. थेट टेबलात युजर घातले तर काय बिघडतं?’

कधी काहीच बिघडत नाही. कधी आठ महिन्यांनी बिघडतं, आणि तोवर जोडणी करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

जोडणी टाळणं हाही पर्याय नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत शिरले होते ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्याचा पासवर्ड बाहेर फुटलेला होता आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली. कुणाच्याच यादीत नसलेलं असं एखादं खातं तुमच्या स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्येही असू शकतं, आणि ते बंद करायची आठवण आयडीएमला तेव्हाच होईल, जेव्हा ते ॲप्लिकेशन त्याला जोडलेलं असेल.

आधी पुढचं दार ठोठावून पाहा

डेटाबेस हा शेवटचा पर्याय समजा. त्याआधी ॲप्लिकेशनच्या व्हेंडरला किंवा ते सांभाळणाऱ्या टीमला लेखी विचारा:

- एससीआयएम चालतं का? खाती बनवण्या-बंद करण्यासाठीचा हा प्रमाणित मार्ग २०१५ मध्ये आरएफसी ७६४३ आणि ७६४४ मधून ठरला.
- युजरसाठी रेस्ट एपीआय आहे का? कोहाच्या नव्या आवृत्त्यांत सभासदांसाठी तो आहे, तरी त्याच्या टेबलांत थेट लिहायचा मोह अनेकांना होतो.
- एलडॅपवरून युजर घेता येतात का?
- डेटाबेसमध्येच व्हेंडरने दिलेल्या प्रोसीजर्स आहेत का? ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटमध्ये युजर बनवण्यासाठी आणि बंद करण्यासाठी तयार पॅकेज आहे, आणि टेबलांत हाताने एसक्यूएल चालवू नका असं ओरॅकल बजावून सांगतं. असं पॅकेज असेल तर डेटाबेसमधून जाऊनही तुम्ही पुढच्याच दाराने गेलात असं म्हणता येईल.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘आम्ही सिंगल साइन-ऑन लावलंय, आता जोडणी कशाला?’ असं पुष्कळदा ऐकू येतं. सिंगल साइन-ऑन लॉगिन सांभाळतं. ॲप्लिकेशनच्या आत कुणाचं खातं आहे, त्याला कोणती भूमिका दिली आहे, बदली झाल्यावर जुन्या विभागाचे अधिकार निघाले का, हे ते पाहत नाही. सहा वर्षांत चार विभाग फिरलेल्या लेखनिकाकडे चारही विभागांचे अधिकार साठलेले असतात, आणि तो रोज सिंगल साइन-ऑनने, अगदी नियमाप्रमाणे, आत येतो.

वाचायचं आहे की लिहायचं आहे?

अर्धा गोंधळ हा प्रश्न न विचारल्यामुळे होतो. एचआरच्या डेटाबेसमधून कोण रुजू झालं, कोण गेलं एवढंच घ्यायचं असेल, तर तुम्हाला फक्त वाचायचं आहे. एक व्ह्यू मागून घ्या. त्यात लागतील तेवढेच कॉलम असू द्या, पगार आणि जात वगैरे मुळीच नको. ही जोडणी सहसा कुणाला रडवत नाही.

ॲप्लिकेशनच्या टेबलात लिहिणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे तुम्ही ॲप्लिकेशनच्या नकळत त्याच्या घरातलं सामान हलवता. पुढचं बरंचसं विवेचन त्याबद्दल आहे.

डेटाबेस काय बोलतो ते ऐका

टेबलांचा नकाशा नसेल तर तो मिळवायची जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. ॲप्लिकेशनची चाचणीची प्रत उभी करा. मायएसक्यूएल असेल तर जनरल लॉग, पोस्टग्रेस असेल तर सगळी स्टेटमेंट नोंदवणारं लॉगिंग, तेवढ्या वेळापुरतं चालू करा. मग ॲप्लिकेशनच्या पडद्यावरून एकेक कृती करा: युजर बनवा, भूमिका बदला, पासवर्ड बदला, खातं बंद करा, पुन्हा चालू करा, शेवटी काढून टाका. प्रत्येक कृतीनंतर लॉगमध्ये कोणत्या टेबलांना हात लागला ते लिहून ठेवा. या लॉगमध्ये हॅश आणि कधी कधी उघडे पासवर्डही पडतात, त्यामुळे काम झालं की तो पुसा.

मग दिसतं की ‘एक युजर’ म्हणजे एक ओळ नव्हे. वर्डप्रेसचंच पाहा. नाव, ईमेल, पासवर्डचा हॅश ‘युजर्स’ टेबलात, पण भूमिका ‘युजरमेटा’ नावाच्या दुसऱ्या टेबलात, तीही पीएचपीच्या क्रमबद्ध मजकुराच्या रूपात. त्या मजकुरात भूमिकेच्या नावाआधी त्या नावात किती अक्षरं आहेत तो आकडा लिहिलेला असतो. ‘सबस्क्रायबर’च्या इंग्रजी स्पेलिंगात १० अक्षरं, ‘एडिटर’च्या ६. कुणी घाईत नाव बदललं आणि आकडा १० च ठेवला, तर वर्डप्रेसला तो मजकूर वाचता येत नाही आणि माणूस कोणत्याच भूमिकेचा राहत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र अपडेट यशस्वी झालेलं असतं.

मूडलमध्ये वेगळाच सापळा आहे. त्याच्या युजर टेबलात ‘सस्पेंडेड’ हा कॉलम आहे आणि तिथे ० म्हणजे खातं चालू, १ म्हणजे बंद. स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲक्टिव्ह’ कॉलम असेल तर तिथे नेमकं उलटं. एकाची मांडणी दुसऱ्याला जशीच्या तशी चिकटवली की राजीनामा दिलेल्यांची खाती चालू आणि कामावर असलेल्यांची बंद. मूडलमधून पडद्यावरून युजर काढला तर त्याची ओळख लिहिलेली ओळ राहते, ‘डिलीटेड’ कॉलममध्ये १ पडतो आणि युजरनेम बदललं जातं, जेणेकरून तेच नाव पुन्हा वापरता यावं. तुम्ही एसक्यूएलने नुसता १ लिहिलात तर नाव तिथेच अडून बसतं. माणूस दोन वर्षांनी परत रुजू झाला की त्याच युजरनेमने नवं खातं बनत नाही.

लॉगमध्ये जे दिसत नाही त्याचीही यादी करा. पडद्यावरून युजर बनवल्यावर स्वागताचा ईमेल जातो का? ॲप्लिकेशन युजरची माहिती कॅशमध्ये धरून ठेवतं का? खातं बंद केल्यावर चालू सत्र तुटतं का? तुम्ही टेबलात ‘बंद’ लिहिलं, पण ज्याचं ब्राउझर सकाळपासून उघडं आहे तो संध्याकाळपर्यंत व्यवहार करतोच आहे, असं होऊ शकतं. हे चाचणीच्या प्रतीवर प्रत्यक्ष करून पाहावं, अंदाजाने लिहू नये.

कनेक्टर कोणता घ्यावा

मिडपॉइंट आणि अपाची सिंकोप ही दोन मुक्तस्रोत आयडीएम ‘कॉनआयडी’ नावाच्या चौकटीवरचे कनेक्टर वापरतात. या चौकटीचं मूळ सन मायक्रोसिस्टिम्सच्या कामात आहे. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, कोड मात्र मुक्त असल्यामुळे जगला. पैसे मोजून घेतलेल्या आयडीएममध्येही मांडणी साधारण अशीच असते, म्हणून उदाहरणाला हीच घेऊ. तुमच्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली, एका टेबलाचा कनेक्टर. त्याला टेबलाचं नाव, ओळखीचा कॉलम, पासवर्डचा कॉलम आणि बदलाची वेळ नोंदवणारा कॉलम सांगितला की तो चालू होतो. एका दुपारचं काम. पण त्याला एकच टेबल कळतं. भूमिका दुसऱ्या टेबलात असतील तर त्या त्याच्या आवाक्याबाहेर.

दुसरी, स्क्रिप्टवाला एसक्यूएल कनेक्टर. बनवणं, बदलणं, शोधणं, काढणं, प्रत्येकासाठी ग्रूव्हीमध्ये स्क्रिप्ट लिहायची. काहीही करता येतं, आणि तिथेच गोची आहे. अनेक टेबलांतले बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची जबाबदारी आता तुमच्यावर आली. युजरची ओळ पडली आणि भूमिकेची ओळ पडायच्या आत जोडणी तुटली, तर अर्धवट खातं तयार होतं.

तिसरी वाट सर्वांत कमी वापरली जाते आणि बहुतेक वेळा तीच बरी. ॲप्लिकेशनच्या टीमकडून एक मधलं टेबल किंवा स्टोअर्ड प्रोसीजर्सचा संच बनवून घ्या. आयडीएम फक्त तिथे बोलेल, पुढचं ॲप्लिकेशनची माणसं पाहतील. आतली टेबलं बदलली तरी तुमची जोडणी टिकते. मधल्या टेबलाला ‘झालं’, ‘अडलं’, ‘का अडलं’ असे परतीचे कॉलम मात्र मागाच. ते नसतील तर आयडीएमच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतं आणि पलीकडचा रात्रीचा जॉब आठवडाभर बंद पडलेला असतो.

ओळख कशावरून पटवायची

दोन्हीकडची माणसं जुळवताना नावावर विसंबू नका. हे सगळेच सांगतात, पण मराठी नावांत त्याचे किती प्रकार निघतात ते पाहण्यासारखं आहे.

‘सहस्रबुद्धे’ आणि ‘सहस्त्रबुद्धे’ ही एकाच घरातली दोन लेखनं तुमच्या दोन डेटाबेसांत सापडतील. ‘गोऱ्हे’ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित होतं, पडद्यावर दिसतं तेच, संगणकाच्या लेखी दोन्ही वेगळे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या बाईंचं युजरनेम आडनावावरून केलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने दुसरं खातं उभं राहतं. आणि लांबीचा प्रश्न: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. डोळ्यांना पाच अक्षरी दिसणारं ‘सहस्रबुद्धे’ प्रत्यक्षात ११ चिन्हांचं, म्हणजे ३३ बाइटचं आहे. ओरॅकलमधला ३० लांबीचा कॉलम बाइटमध्ये मोजत असेल, आणि वेगळं सांगितलं नाही तर तो तसाच मोजतो, तर हे आडनाव तिथे मावत नाही. ‘ज्ञानेश्वर’ बरोबर ३० मध्ये बसतं. चाचणीच्या यादीत ‘पाटील’ आणि ‘जोशी’ एवढेच असले तर हे कधीच लक्षात येणार नाही.

किल्ली म्हणून कर्मचारी क्रमांक वापरा, ज्याला अर्थ नाही आणि जो पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. मोबाइल क्रमांक नको, बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला मिळतो. आधार क्रमांक तर नकोच: त्याच्या वापरावर कायद्याची बंधनं आहेत आणि तो प्रत्येक ॲप्लिकेशनच्या टेबलात पसरवून ठेवणं हा निव्वळ विकतचा त्रास आहे.

पासवर्डला हात लावू नका

जमत असेल तर टेबलात पासवर्ड लिहूच नका. लॉगिन सिंगल साइन-ऑनला द्या आणि डेटाबेसची जोडणी फक्त खाती व भूमिकांसाठी ठेवा. मूडलच्या युजर टेबलात लॉगिन कोणत्या पद्धतीने करायचं हे सांगणारा कॉलमच आहे. तिथे योग्य नाव लिहिलं की स्थानिक पासवर्डची गरज उरत नाही.

ते शक्य नसेल तर ॲप्लिकेशनला जो हॅश कळतो तोच बनवावा लागतो, आणि तो आवृत्तीबरोबर बदलतो. वर्डप्रेसने वर्षानुवर्षं वापरलेली पद्धत एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ६.८ या आवृत्तीत बदलून बीक्रिप्ट घेतली. तुमची स्क्रिप्ट ज्या दिवशी लिहिली त्या दिवशीचाच हॅश आयुष्यभर लिहीत राहील. ॲप्लिकेशन उघडा पासवर्ड किंवा साधा एमडी-५ मागत असेल तर जोडणी थांबवा आणि तो दोष व्हेंडरच्या गळ्यात घाला. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये फुटलेले पासवर्ड एसएचए-१ ने, सॉल्टशिवाय साठवलेले होते, आणि ते झपाट्याने उलगडले गेले.

किती अधिकार द्यायचे

ॲप्लिकेशन स्वतः ज्या डेटाबेस खात्याने चालतं ते आयडीएमला देऊ नका. काही बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळणार नाही. वेगळं खातं काढा आणि:

- लागतील तेवढ्याच टेबलांवर अधिकार द्या. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत कॉलमनिहाय अधिकारही देता येतात.
- डिलीटचा अधिकार देऊ नका. गेलेल्या माणसाचं खातं बंद करा, ओळ राहू द्या. त्याच्या नावाने मंजूर झालेली बिलं, घेतलेली पुस्तकं, तपासलेले पेपर त्या ओळीला बांधलेले आहेत.
- जोडणी टीएलएसवरून आणि ठरावीक सर्व्हरवरूनच घेऊ द्या.

स्क्रिप्टमध्ये मजकूर जोडून एसक्यूएल बनवू नका, पॅरामीटर वापरा. हल्ल्याची भीती बाजूला ठेवा, गोव्यातल्या कुणा डिसोझांचं नाव पुरेसं आहे. इंग्रजीत त्यांच्या ‘डी’नंतर एक वरचा स्वल्पविराम येतो आणि जोडून बनवलेली क्वेरी तिथेच फाटते.

रोजचा ताळमेळ

बदलाच्या वेळेच्या कॉलमवरून आयडीएम ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं’ एवढंच विचारतं. सोयीचं आहे, पण यातून तीन गोष्टी निसटतात. काढून टाकलेली ओळ दिसत नाही, कारण वेळ सांगायला ती उरतच नाही. कुणी हाताने बदल केला आणि वेळ लिहायला ट्रिगर नसेल तर तोही दिसत नाही. लांब चाललेल्या ट्रान्झॅक्शनने जुनी वेळ लिहिली आणि उशिरा कमिट केलं तर तीही नोंद मागे राहते. म्हणून रात्री एकदा संपूर्ण ताळमेळ, म्हणजे रिकन्सिलिएशन, चालवा.

पहिला ताळमेळ नेहमी कोरडा चालवा: काय बदलेल ते दाखव, बदलू नको. मिडपॉइंटमध्ये त्यासाठी सिम्युलेशनची सोय आहे. ज्यांचा मालक सापडत नाही अशी खाती त्यात हमखास निघतील. लगेच बंद करू नका. त्यांतलं एखादं रात्रीच्या बॅकअपचं असतं, एखादं बारकोड यंत्राचं, एखादं व्हेंडरच्या सपोर्टचं. प्रत्येकाला जबाबदार माणूस नेमा, ठरलेल्या मुदतीत कुणी पुढे आलं नाही तर मग बंद करा. ॲप्लिकेशनचं मुख्य ॲडमिन खातं आयडीएममध्ये संरक्षित म्हणून नोंदवा. ते चुकून बंद झालं तर दार उघडायलाही कुणी आत राहत नाही.

आणि फ्यूज बसवा. एका रात्रीत ठरावीक संख्येहून जास्त खाती बंद व्हायची वेळ आली तर काम थांबलं पाहिजे. एचआरचा व्ह्यू एखाद्या रात्री रिकामा आला, तर आयडीएमचा समज होईल की सगळ्या संस्थेनेच राजीनामा दिला.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

‘आमची टेबलं तुम्ही पाहूच शकत नाही’ असं व्हेंडर म्हणत असेल तर स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधलं कलम ५२(१)(एबी) वाचा. सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याला ते दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडण्यासाठी अत्यावश्यक माहिती मिळवण्याची मोकळीक त्यात आहे, मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर. अर्थात टेबलात लिहिल्यावर सपोर्ट नाकारण्याचं कलम करारात असू शकतं. करार आधी वाचा, आणि नव्या करारात या तीन गोष्टी घालून घ्या: टेबलांचं दस्तऐवजीकरण, अपग्रेडची आगाऊ सूचना, चाचणीची प्रत.

जबाबदारी मात्र संस्थेचीच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं तरी उत्तरदायित्व डेटा ज्याच्या कामासाठी वापरला जातो त्याचंच राहतं, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमतीने दिलेली आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क याच कायद्यात आहे. एचआरमध्ये दुरुस्त झालेलं नाव दहा टेबलांत पोहोचायला हवं, हे जोडणी आखतानाच ठरवा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आयडीएमने कोणत्या टेबलात केव्हा काय लिहिलं, त्याचे लॉगही जपून ठेवा.

चालू करण्याचा दिवस

शुक्रवारची संध्याकाळ टाळा. आधी एका माणसाचं खातं, मग दहांचं, मग एका विभागाचं. दर वेळी डेटाबेसमध्ये ओळ दिसली म्हणून थांबू नका, ॲप्लिकेशनच्या पडद्यावर जाऊन त्या माणसाला लॉगिन करायला लावा आणि त्याचं नेहमीचं एक काम करून घ्या. अपग्रेडनंतर हेच पुन्हा, चाचणीच्या प्रतीवर.

चाचणीच्या यादीत पाच माणसं नक्की असू द्या: एक सहस्रबुद्धे, एक डिसोझा, नुकतंच आडनाव बदललेली एक, एकाच वेळी दोन विभागांचा कारभार असलेला एक, आणि नोकरी सोडून गेलेला पण आता पुन्हा रुजू होणारा एक. या शेवटच्याला जुना कर्मचारी क्रमांक द्यायचा की नवा, हे एचआरला आजच विचारून घ्या. जुना मिळणार असेल तर त्याच्या बंद खात्यात पूर्वीच्या भूमिका अजून पडून आहेत का, ते खातं चालू करण्याआधी पाहावं लागेल.